उकिरड्यावर चढून दिलेल्या शिव्या

आयुष्यात एकदाच मी उकिरड्यावर चढून शिव्या दिल्या. पण त्या अशा दिल्या, की निपाणीच्या बाजारातून परत येणाऱ्या बायका डोक्यावरच्या बुट्ट्या न उतरवता ऐकत उभ्या राहिल्या. वय सतरा, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि कारण काय, तर कोंबडी. हसा खुशाल. पण ज्यांची कोंबडी कधी मेली नाही, त्यांनी मधे बोलू नये.

लढाईची वर्षं होती ती. रॉकेल, साखर, कापड, सगळं रेशनवर. आमचं गाव निपाणीपासून दोन कोसांवर, आणि जिकडं बघावं तिकडं तंबाखू. शेतात तंबाखू, अंगणात तंबाखू, बायकांच्या लुगड्यांना तंबाखूचा वास. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, निपाणीत एका वखारीत कामाला होते. रोज सकाळी चालत जायचे आणि दिवेलागणीला शिंकत परत यायचे. माझं माहेर खानापूरच्या पलीकडं, रानाच्या कडेला, भाताच्या मुलखात. तिथं तंबाखू म्हणजे वडलांच्या चंचीत असायची तेवढीच. ती पेरतात, तोडतात, वाळवतात, तिच्या पायी माणसं भांडतात, हे सगळं मला सासरी आल्यावर कळलं.

सासरी येताना आईनं मला एक तलंग दिली होती, म्हणजे अजून अंडी न देणारी कोवळी कोंबडी. आमच्या घरची जातच निराळी. छातीपासून डोक्यापर्यंत मानेवर एक पीस नाही. लालभडक मान, त्यावर इवलंसं डोकं, आणि तोरा मात्र पाटलिणीचा. सासरच्या गावात अशी कोंबडी कुणी बघितली नव्हती. पोरं बघायला यायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आगं, हिला कुणी अर्धी सोलून सोडून दिलीया का काय?"

मला राग यायचा. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा, अजूनही लांब गेलेला नाही. पण कोंबडी गुणाची निघाली. रोज सकाळी दाराशी येऊन माझ्या पायाला चोच मारायची. सासरी पहिले सहा महिने माझ्याशी न विचारता बोलणारं तेवढं एकच तोंड होतं, हे मी आज लपवून काय करू?

तिचा आणि आमच्या शेजारणीचा छत्तीसचा आकडा. आमच्या घरामागच्या परड्याला लागून तिचं परडं, मधे काट्यांची कुपाटी. ती विधवा बाई, चिकोडीकडची, उंचपुरी, सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणारी. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. बोलायची मराठी, पण राग आला की कानडी सुरू. आणि माझ्या कोंबडीला गावातलं सगळं सोडून आक्काच्या वाफ्यातली कोथिंबीरच गोड लागायची. एकदा आक्का कुपाटीवरून ओरडली, "आता पुन्यांदा जर ही सोललेली माझ्या वाफ्यात आली, तर मान मुरगाळून तुझ्या दारात टाकीन बघ!" मीही काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हते. म्हटलं, "मुरगाळा की! मान तरी दिसती चांगली!" त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

अशात माघ महिन्यात आईचं कार्ड आलं. आईला लिहिता येत नव्हतं, गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. मालकांनी वाचून दाखवलं. गावात कोंबड्यांना मानमोडीचा रोग आला होता आणि आठ दिवसांत आईचं सगळं खुराडं रिकामं झालं होतं. पुढं लिहिलं होतं, "तुझ्याकडं आपली कोंबडी आहे. तिची पिल्लं निघाली की दोन घेऊन ये. परडं गप्प झालंय, मला पहाटं जागच येत नाही." मास्तरांच्या शुद्ध अक्षरांतूनही मला आईचा आवाज ऐकू आला. आईच्या आईनं आईला लग्नात दिलेली ती जात, आणि आता तिच्यातली एकच जित्ती उरलेली, ती माझ्या परड्यात.

नशीब असं, की त्याच आठवड्यात कोंबडी खुडूक झाली. पिसं फुलवून एका जागी बसायला लागली, हात लावला की फिस्कारायची. आत्तींनी सगळं रीतीनं केलं. अंडी अकरा घेतली, कारण सम आकड्यावर कोंबडी बसवत नाहीत. प्रत्येकावर कोळशानं खूण केली. बुट्टीत भुसा, भुशात एक लोखंडी खिळा, म्हणजे आभाळ गडगडलं तरी आतली पिल्लं दगावत नाहीत. आणि शेवटी तंबाखूच्या चार काड्या. पिसवा होऊ नयेत म्हणून. माहेरी आम्ही निरगुडीचा पाला घालायचो. इकडं निरगुडी कोण विचारतो?

एकवीस दिवस मोजायचे होते. मी भिंतीवर रोज एक रेघ ओढत होते. मालक म्हणायचे, "येवढी वाट तू माझी तरी बघतीस का?" मी म्हणायचे, "तुम्ही अंड्यावर बसा, मग बघते."

अठराव्या दिवशी मला बुट्टीच्या काठावर पिसवा दिसल्या. आत्ती मळ्यात गेलेल्या. आता चार काड्यांनी काम भागतं, तर भुकटीनं किती भागेल, असा हिशोब मी केला. नवं शिकलेलं माणूस नेहमी चार पावलं पुढं जातं. मी तंबाखूची ओंजळभर भुकटी मातीच्या परळात कालवली, वर गरम पाणी ओतलं आणि परळ शेवग्याखाली निवायला ठेवला. निवलं की बुट्टीच्या कडेनं शिंपडायचं. तेवढ्यात घागर रिकामी दिसली, म्हणून मी विहिरीवर गेले. विहिरीवर बायका होत्या. बायका असल्या की बोलणं होतं.

परत आले तर कोंबडी बुट्टीत नाही. कोंबडी रोज एकदा दाणा-पाण्याला उठायची, त्यामुळं मी काही मनावर घेतलं नाही. हाक मारली. आली नाही. शोधत कुपाटीपाशी गेले, आणि बघते तर काट्यांच्या बुडाशी ती पडलेली. पाय ताठ. ती लाल मान एका अंगाला लुळी पडलेली.

मान मुरगाळीन! माझ्या कानात आक्काचे शब्दच वाजले. दुसरं काही सुचलंच नाही. कोंबडी तिथंच टाकली, पदर खोचला आणि सरळ उकिरड्यावर चढले.

आमच्याकडं कोंबडी गेली की उकिरड्यावर उभं राहून शिव्या द्यायची रीतच होती. तिचे नियम असायचे. नाव कुणाचं घ्यायचं नाही. तोंड कुणाच्या दाराकडं करायचं नाही. "ज्यानं कुणी" म्हणून सुरू करायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की मधे जो उत्तर देईल तोच चोर. त्यामुळं शिव्या चालू असताना गल्लीतली भांडखोर बाईसुद्धा दाताखाली जीभ धरून बसायची.

"ज्यानं कुणी माझी कोंबडी मारली," मी सुरू केलं, "त्याच्या हाताला कीड लागू दे! त्याच्या चुलीवर तवा पालथा पडू दे! त्याच्या जिभंला चटकं बसू देत! त्याला निजंत बारा कोंबड्यांनी टोचू दे!"

ही बारा कोंबड्यांची शिवी माझी स्वतःची. बाकीच्या पारंपरिक.

आत्ती तेवढ्यात मळ्यातून आल्या. काय झालं ते गल्लीत उभ्या राहिलेल्या बायकांनी सांगितलं. आत्ती ओसरीवर टेकल्या आणि माझं कसं चाललंय ते ऐकायला लागल्या. "आवाज खालनं काढ," त्या म्हणाल्या. "घशातनं काढलास तर बसंल." मी खालून काढला. कुपाटीपलीकडं आक्का भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज मधेच थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला, जरा जोरात. मला वाटलं, सापडली. मी आणखी पेटले.

मग आत्तींना काय वाटलं कोण जाणे, त्या उठल्या आणि बुट्टीत हात घालून बघितला. "आगं ए, शिव्या पुरं कर! अंडी गार पडाय लागल्यात!"

मी उकिरड्यावरून उडीच मारली. कोंबडी गेली, पण आत अकरा जीव होते. अठरा दिवसांचे. तिकडं आई गप्प परड्यात बसलेली. एकदा अंडी गारठली की संपलं, मग ती जात गेली म्हणजे गेलीच, कुठल्या बाजारात मिळायची नाही. आत्तींनी घोंगडं चुलीशी शेकलं, अंडी त्यात गुंडाळून बुट्टी माझ्या कडेवर दिली. "पळ! कुनाकडं खुडूक कोंबडी हाय का बघ!"

मी पळाले. पहिल्या घरात कोंबडी कालच खुडकातून उठलेली. दुसऱ्या घरात पावण्यांच्या ताटात गेलेली. तिसऱ्या घरातली म्हातारी डोळे बारीक करून माझ्याकडं बघत म्हणाली, "व्हय गं, गावभर कशाला फिरतीस? तुझ्या शेजारच्या आक्काकडं हाय की काळी कोंबडी. चार दिस झालं खुडूक बसलीया."

जिला आत्ताच हाताला कीड लावून आले, तिच्याच दारात जायचं? माझा मान मोठा का आईची पिल्लं मोठी? बुट्टीत हात घातला. घोंगड्याची ऊब कमी व्हायला लागली होती. मी गेले.

आक्का दारात उभी होती. सगळं ऐकलेलंच होतं तिनं, आणि नियम पाळून गप्प राहिली होती. मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. मी तोंड उघडलं, पण रडूच आलं. बुट्टी तेवढी पुढं केली. तिनं घोंगड्यात हात घातला, एक अंडं काढून कानाला लावलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "बा वळग."

आत ये. तेवढं कानडी मला कळायचं.

तिनं पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि अंडी एकेक करून त्यात सोडली. जित्तं अंडं पाण्यात हलतं, आतला जीव लाथ मारतो, हे मला माहीत नव्हतं. पहिलं हललं. दुसरं हललं. तिसरं नुसतंच तरंगत राहिलं, आणि मी तोंड फिरवणार तोच तेही एकदम थरथरलं. आक्का म्हणाली, "यव्वा! तुझ्यागतच हाय, उशिरा सुरू हुतंय, पर जोरात." अकरांतली दहा हलली. ती तिनं अंधाऱ्या कोपऱ्यातल्या तिच्या काळ्या कोंबडीखाली सारली. त्या दिवशी दुपारी ती त्या कोंबडीला पाण्यात बुचकळून तिचं खुडूक मोडणार होती. पाणीसुद्धा भरून ठेवलेलं होतं.

मग हात पुसून म्हणाली, "आता दाव मला, कुठं हाय ती सोललेली."

आम्ही कुपाटीपाशी गेलो. आत्तीही आल्या. आक्कानं कोंबडी उचलली, मानेवरून बोट फिरवलं. "मुरगाळली असती तर हाड तुटलं असतं. हे बघ, अख्खं हाय." मग चोच नाकाशी नेली आणि तिची भुवई वर गेली. मशेरी लावणाऱ्या बाईचं नाक ते, त्याला फसवायची कुणाची टाप? "तंबाखू," ती म्हणाली. "हिला पानी कुठं ठेवतीस?"

शेवग्याखाली दोन परळ होते. एक रिकामा, तो कोंबडीच्या पाण्याचा. सकाळी भरायचा मी विसरले होते. दुसऱ्यात तपकिरी पाणी, निम्मं संपलेलं, आणि त्यावर एक पीस तरंगत होतं.

तहानलेल्या जिवाला मीच विष ठेवून विहिरीवर गप्पा मारत बसले होते. मी तिथंच मातीत बसले आणि मोठ्यानं रडले. आत्ती पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नगं. इखानं मेली, आता तिचं कालवनबी करता येत न्हाई, त्याचं वंगाळ वाटतंय." ही त्यांची समजूत घालायची तऱ्हा. रडता रडता मला हसू फुटलं. कोंबडीला आम्ही शेवग्याच्या बुडात पुरलं.

आक्का जायला निघाली. मी म्हटलं, "थांबा. मी उकिरड्यावर चढते."

"र्‍हाऊ दे गं. गावाला कशाला हसिवतीस?"

पण मला ते काही पटेना. मघाशी गल्लीतली प्रत्येक बाई आक्काच्या दाराकडं बघत उभी होती. नाव घेतलं नसलं म्हणून काय झालं, सगळ्यांना कळलं होतं. आणि नियमापायी त्या बाईला एक शब्द बोलता आला नव्हता. उकिरड्यावर केलेलं ओसरीवर कसं फिटणार? मी पदर खोचला आणि पुन्हा चढले.

"ऐका गंऽ! माझी कोंबडी मीच मारली! तंबाखूचं पानी ठिवून मीच मारली! मघाच्या शिव्या माझ्या मलाच!"

गल्ली जी हसायला लागली, ती थांबेना. बाया पोट धरून ओट्यांवर बसल्या. आणि कुपाटीपलीकडून आक्काचा खणखणीत आवाज आला, "ऐकलं गंऽ ऐकलं! आता उतर खाली! गुळाचा चा केलाय, गार व्हायलाय!"

चहा गार झालेला नव्हता. पहिल्याच घोटाला जीभ भाजली. आक्का टाळी देऊन म्हणाली, "लागली बघ येक! जिभंला चटकं!" मग उठली आणि मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन माझ्यावरून तीनदा उतरवून चुलीत टाकल्या. म्हणाली, "तुझ्या शिव्या लई दांडग्या हैत. हाताला कीड लागली तर तंबाखू कोन तोडनार?" जिला मी चोर म्हटलं, तीच माझ्यावरच्या माझ्याच शिव्या उतरवत होती. मला इतकी लाज वाटली, की मी तिचे पाय धरले. तिनं मला उठवलं आणि दुसरा कप ओतला.

संध्याकाळी मालक आले ते हसतच. "शिमग्याला अजून आठ दिस हैत म्हनं," ते म्हणाले, "पर आमच्या घरात झाला वाटतं." वखारीत त्यांना आधीच कळलं होतं.

तीन दिवसांनी काळ्या कोंबडीखाली नऊ पिल्लं निघाली. त्यांतल्या पाचांच्या माना उघड्या. काळी कोंबडी त्यांच्याकडं जरा संशयानं बघायची, पण पंखाखाली घ्यायची. दीड-दोन महिने ती सगळी आक्काच्या परड्यात वाढली. मी दिवसातून दहा वेळा कुपाटीला नवीन पाडलेल्या वाटेनं ये-जा करायचे. बसवणारीचा निम्मा वाटा ही रीत, म्हणून पाच आक्कानं घ्यावीत असा मी आग्रह धरला. तिनं साध्या मानेची चार घेतली. "सोललेली तुझी तू ठेव," ती म्हणाली. "माझ्या कोथिंबिरीला येवढी चार पुरं हैत."

वळवाच्या दिवसांत मी तीन पिल्लं बुट्टीत घालून माहेरी निघाले. निपाणीहून बेळगावपर्यंत कोळशावर चालणारी मोटार. दर चढाला ती दमायची आणि आम्ही सगळे खाली उतरायचो. पुढं खानापूरपर्यंत रेल्वे. वाटेत मी मनाशी ठरवलं होतं, आईला सांगायचं की कोंबडी मुंगसानं नेली. मुंगूस काही उकिरड्यावर चढून नाही म्हणणार नव्हतं. पण आईनं दारातच विचारलं, "आन् आपली ती कोंबडी कशी हाय?" आणि माझ्या तोंडून सगळं खरंच बाहेर पडलं.

आईनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मग म्हणाली, "निरगुडी दावलीती न्हवं तुला मी? येडं गं माझं." आणि तिनं बुट्टीचं झाकण काढलं.

तीन लाल माना एकदम वर आल्या. आईचा चेहरा असा फुलला, की मला दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. तिनं परड्यात मूठभर कण्या टाकल्या आणि हाक मारली, "तीऽ ती ती ती!" आमच्याकडची नेहमीची हाक. पिल्लं जागची हलली नाहीत. तिनं पुन्हा मारली. ती नुसती माना वाकड्या करून बघत राहिली.

मला एकदम उमगलं. मी म्हटलं, "बाऽ बा बा बा!"

तिघंही पंख पसरून धावत आली आणि कण्यांवर तुटून पडली.

"ही आन् कुठली हाक?" आईनं विचारलं.

"कानडी हाय. शेजारच्या आक्काची. तिच्याच परड्यात वाढल्यात न्हवं."

आई लाजत लाजत म्हणाली, "बा... बा बा." एका पिल्लानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. मग तिनं मोठ्यानं मारली.

पुढच्या वर्षी मी पुन्हा माहेरी गेले. पहाटे "बाऽ बा बा बा!" ऐकून मी अंथरुणातून धडपडून उठले. वाटलं, सासरीच आहे, आक्का उठली, मला उशीर झाला, सडा राहिला. केरसुणी शोधत दारात आले, तर परड्यात आई उभी, भोवती उघड्या मानेच्या कोंबड्या. मोठ्या झाल्या तरी त्यांनी हाक बदलू दिली नव्हती, आणि त्यांच्या पिल्लांनाही तीच लागत होती. आईनं त्या आक्काला कधी बघितलं नाही, शेवटपर्यंत नाही. मी केरसुणी ठेवली, पुन्हा जाऊन आडवी झाले, आणि जिला मी उकिरड्यावरून चोर म्हटलं होतं तिची हाक आईच्या तोंडून ऐकत पडून राहिले.